मू चप्पल

दुकानात तिला सगळे काजबटण म्हणायचे. कपडे दुरुस्त करून देणारं दुकान होतं ते, रस्त्याच्या कोपऱ्यावर, पाच-सहा पायऱ्या उतरून आत जायचं. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, बिघडलेली चेन उसवून नवी बसवणं, असली कामं. ती नवीन लागली तेव्हा काजं करायचं काम तिच्याकडे आलं. पुढे हाताला बाकीचंही सगळं येऊ लागलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या मशीनसमोरची खिडकी फुटपाथच्या पातळीवर होती. त्यामुळे दिवसभर तिला माणसांचे फक्त पाय दिसत. बूट, चपला, बाबागाडीची चाकं, कुत्र्यांचे पाय. गिऱ्हाईक आत येण्याआधीच त्याची पँट कुठे लोळतेय ते तिने पाहिलेलं असे.

नवरा तिला तिथेच भेटला. कोटाचं काज फाटलं म्हणून आला होता. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "काज म्हणजे मुळात घर. पोर्तुगीज काझा. बटणाचं घर. तुम्ही दिवसभर घरं बांधता."

"भाडं कोण देतं?" तिने मान वर न करता विचारलं.

पुढच्या आठवड्यात तो दुसरा कोट घेऊन आला. त्याची सगळी काजं धडधाकट होती. मालक आतून ओरडला, "ह्या माणसाच्या कोटांना कसला रोग लागलाय बघ गं जरा."

तो एका शब्दकोशाच्या कचेरीत होता. शब्दांची मुळं शोधायची, हे त्याचं काम. कचेरीतले लोक त्याला मूळव्याध म्हणत. मुळांच्या मागे लागलेला व्याध, अशी फोड ते करून सांगत, पण फोड सांगेपर्यंत नवा माणूस दचकलेला असे. लग्नाच्या जेवणात त्यांचा मुद्रितं तपासणारा, ज्याला ते कॉमा म्हणत, भरल्या घासाने ओरडला होता, "मूळव्याधीला शेवटी टाके पडले रे!" तिच्या आत्याला ते दोन दिवस कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती आणखी दोन दिवस बोलली नाही.

इतकंच. ह्यापुढे बरीच वर्षं सांगण्यासारखं काही झालं नाही. मुलगी झाली, शिकली, दूर नोकरीला गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, दोन खोल्या. दाराजवळ चपलांचं लाकडी शेल्फ आणि त्याला लागूनच कॉम्प्युटरचं टेबल, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

मग त्याचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं की पाणी यायचं आणि अक्षरं एकमेकांवर चढायची. कचेरीने घरून काम करायची मोकळीक दिली. तेव्हापासून संध्याकाळी दुकानातून आल्यावर ती त्याची बोटं झाली. तो खुर्चीत मागे डोकं टेकून, डोळे मिटून बोलायचा आणि ती टाइप करायची.

त्याने कॉम्प्युटरला काही खुणा शिकवून ठेवल्या होत्या. ब्राउझरमध्ये वर पत्त्याची पट्टी असते, तिथे एक अक्षर टाइप करायचं, मग मोकळी जागा, मग शब्द. की थेट त्या शब्दाचं पान. मधे कुठे शोधत बसायला नको. मू म्हणजे मूळ. मू टाइप करून खुर्ची म्हटलं की कचेरीच्या संग्रहातलं खुर्चीचं पान उघडायचं: अरबी कुर्सी, फारसीतून. अ म्हणजे अर्थ. ज म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, शब्द पहिल्यांदा कुठे छापला गेला ते बघायला. हे सेटिंगमध्ये जाऊन भरावं लागतं. नाव, खूण आणि त्या जागेचा लांबलचक पत्ता. पत्त्यात जिथे शब्द यायला हवा तिथे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी एस.

"हे टक्का-एस म्हणजे काय?" तिने विचारलं होतं.

"तुझा कापायचा कागद. कागद तोच, कापड बदलतं. खुर्ची घाल नाहीतर उशी घाल, माप बसतं."

हे तिला लगेच कळलं. पुढे तिनेच घरच्या कामाच्या खुणा करून घेतल्या. ह म्हणजे हवा. ब म्हणजे बस. औ म्हणजे औषधाचं दुकान. मुलगी सुट्टीला आली की म्हणायची, "तुमचं घर आहे की तारऑफिस? परवा ऑफिसात मी सवयीने ब टाइप केलं, तर कुठल्यातरी बकऱ्यांच्या प्रदर्शनात पोचले."

संध्याकाळी शेजारच्या घरातून ऐकणाऱ्याला विचित्र वाटलं असतं. मू तावदान. अ तावदान. ज तावदान. मू खलबत. मू इरसाल. मधे तिचा आवाज, एका सुरात वाचणारा. "तावदान. फारसी. ताब म्हणजे उजेड, दान म्हणजे ठेवायची जागा." तो मान हलवायचा, पुढचा शब्द सांगायचा. एखाद्या पानावर "मूळ अनिश्चित" असं आलं की तो मान हलवत नसे. असे शब्द तो सोडायचाच नाही. आठवड्याने, महिन्याने पुन्हा विचारायचा, जणू दरम्यान कुणीतरी येऊन सांगून गेलं असेल. वहाण सुटली होती, संस्कृत उपानहवरून. चप्पल सुटली नव्हती. चप्पल तिने किती वेळा टाइप केली असेल. तिला त्या शब्दांत विशेष रस नव्हता. पण ते शिवणासारखं होतं. हात चालू राहायचे.

एका सकाळी तो दाढी करताना खाली बसला आणि उठला नाही.

दवाखान्यात उजवी बाजू लुळी पडल्याचं सांगितलं. बोलणंही गेलं होतं. बोलण्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायाचं मात्र सांगता येतं. तिथे एकदा त्याला दोघांनी धरून उभं केलं, तेव्हा पाय दुमडला आणि तो पडला, सगळ्यांसमोर. त्यानंतर कुणी उभं करायला आलं की तो डाव्या हाताने पलंगाची दांडी धरून ठेवायचा. बोटं सोडवावी लागत.

घरी पाठवताना डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन नीट समजावलं. "पाय परत येऊ शकतो. पण ह्याच काही महिन्यांत. ओढून उभं करू नका, आणखी एकदा पडले तर ते मनाने कायमचे आडवे होतील. त्यांना स्वतःला उठावंसं वाटू दे. तशी काही खूण दिसली, हात पुढे केला, दाराकडे बघितलं, काहीही, तर त्याच दिवशी उभं करा. खूप उशीर झाला तर पाय आखडतो. मग आम्हालाही काही करता येत नाही."

"कळलं," ती म्हणाली.

कळलंच होतं. तिने दुकानाचं काम घरी आणायला सुरुवात केली. मशीन खिडकीशी, पलंग समोर, म्हणजे मान वर केली की तो दिसेल. फोनवर गजर लावले. पाणी, गोळ्या, लघवीचं भांडं, कूस बदलणं, पुन्हा पाणी. त्याला तहान लागायच्या आत पाणी यायचं. थंडी वाजायच्या आत चादर. काही मागायची वेळच त्याच्यावर येऊ नये, अशी तिने व्यवस्था केली. जमिनीवर पाय घसरेल असं काही नको म्हणून त्याच्या चपला कागदात गुंडाळून कपाटावर टाकल्या. शेल्फात त्यांची जागा रिकामी राहिली.

आठवड्यातून एकदा सकाळी व्यायामवाली यायची. तरुण पोरगी, पाठीवर सॅक, बोलताना हात चालू. त्याचा पाय उचलून वाकवायची, फिरवायची, आणि जाताना विचारायची, "काकू, उठायचं काही म्हणतात का काका?"

"नाही अजून."

"बघत राहा हं."

सकाळच्या गोळ्यांनी तो अर्धवट झोपेत असायचा. पोरीने त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता.

आवाज आला तो एका दुपारी. ती कुणाच्यातरी पँटची कंबर आत घेत होती. मागून आलं, "मू."

तिने मशीन थांबवलं. तो छताकडे बघत होता. तोंड वाकडं करून, अक्षर पुढे ढकलून, तो पुन्हा म्हणाला, "मू... खिडकी."

ती उठली. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला, तेवढा वेळ ती पडद्यासमोर उभी राहिली. मग टाइप केलं आणि वाचलं. "खिडकी. संस्कृत खटक्किका, प्राकृत खडक्की. बाजूचं लहान दार."

तो खिडकीकडे बघत राहिला. खिडकी बंद होती, खोलीत ऊन होतं. शब्द ऐकल्यावर वस्तूकडे बघायची त्याची सवय जुनीच होती.

त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. "बाबा कामाला लागले," असं सांगितलं. मुलगी रडायला लागली. आपल्यालाही आनंद झाला आहे, असं तिने मुलीला सांगितलं. झाला असावा. दुपारभर ती तशीच पँटची कंबर आत घेत होती आणि गिऱ्हाइकाच्या मापापेक्षा दोन बोटं जास्तच आत गेली होती.

मग रोज दुपारी. मू उशी. "उच्छीर्षक. डोकं वर उचलणारं ते." तो मान घासत राही. ती उशी सारखी करायची, पण ती तशीही करायचीच. ते काम वेगळं आणि हे काम वेगळं. मू पाणी. पाणी तर गजराप्रमाणे आत्ताच झालं होतं, तेव्हा तहान असणं शक्य नव्हतं. "पाणी. पानीय. प्यायचं ते." मू चावी. मू साबण. त्याला काही मागावं लागत नव्हतं, तेव्हा तो जे बोलत होता ते मागणं नव्हे, हे तिच्या मनात न ठरवता ठरून गेलं होतं. आणि त्याच्या तोंडून त्या खुणेनंतर आजवर वस्तू कधी आलीच नव्हती. शब्दच आला होता.

मग चप्पल आली.

"मू चप्पल."

तिने वाचलं. "चप्पल. मूळ अनिश्चित. दक्षिणेकडच्या भाषांत चेप्पु, चेरुप्पु असे जवळचे शब्द."

त्याने मान हलवली नाही. तिला हे अपेक्षितच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मू चप्पल. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता त्याने डावा हात उचलला आणि दाराकडे केला. दाराजवळ कॉम्प्युटर होता. "हो हो, बघते," ती म्हणाली, आणि परत तेच पान उघडून परत तेच वाचलं. तो दिवसच्या दिवस त्या एका शब्दावर थांबला. खिडकी, उशी, साबण सगळं मागे पडलं. तिला वाटलं, डोकं होतं तसंच आहे. अडलेल्या शब्दाशी अडून बसायचं.

कॉमा भेटायला आला तेव्हा फळं आणि कचेरीतल्या भानगडी घेऊन आला. दारातच बूट काढत म्हणाला, "काय रे इरसाल माणसा, रजा किती दिवस घ्यायची त्याला काही मर्यादा? तुझ्या टेबलावर त्या नव्या मुलाने कुंडी ठेवलीय. कॅक्टस. म्हटलं बरोबर आहे, तुझ्याच जातीचा."

तो कॉमाच्या बुटांकडे बघत होता. शेल्फातल्या रिकाम्या जागेत कॉमाने ते ठेवले होते.

"मू," तो म्हणाला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "मू... चप्पल."

कॉमा उडालाच. "ऐकलंत वहिनी? अहो ऐकलंत का? हा अजून तिथेच आहे! ह्या चपलेपायी हा मोठ्या संपादकांशी भांडला होता, ठाऊक आहे ना? अनिश्चित लिहा म्हटलं की ह्याला जीव नकोसा व्हायचा."

"रोज तेच विचारतात," ती म्हणाली.

"मू चप्पल," तो पुन्हा म्हणाला. डावा हात दाराकडे.

"बघतो राजा, बघतो. उद्या सगळ्या ऑफिसला कामाला लावतो." कॉमाचे डोळे ओले झाले होते. जाताना जिन्यात तो तिला म्हणाला, "वहिनी, देह काय हो, देह आज आहे उद्या नाही. माणूस आत शाबूत आहे बघा."

आणि कचेरी खरंच कामाला लागली. चपलेचं पान लांब होत गेलं. कुणी जुन्या वर्तमानपत्रांतून वाक्यं काढली. कुणी लिहिलं, चालताना होणाऱ्या आवाजावरून पडलेला शब्द असेल का? त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, पुरावा? त्याखाली तिसऱ्याने पहिल्याला टोमणा मारला. ती रोज दुपारी नवं आलेलं सगळं त्याला वाचून दाखवायची, टोमण्यासकट. सुरुवातीला तो तिच्याकडे बघायचा. मग तिच्या हातांकडे. मग तिचं वाचून व्हायच्या आत तोंड भिंतीकडे वळवायचा. मग विचारणं कमी झालं.

कॉमाचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "आता फारसं विचारत नाहीत. समाधान झालं असावं."

"असंच असतं त्याचं," कॉमा म्हणाला.

त्या आठवड्यात व्यायामवालीला सकाळी यायला जमलं नाही. ती दुपारी आली. शेल्फापाशी एका पायावर उभी राहून तिने सँडलचा पट्टा सोडवला, दुसऱ्या पायावर उभी राहून दुसरा, आणि तो पलंगावरून ते बघत होता.

"मू चप्पल," तो म्हणाला. हळू. कुणाला उद्देशून नव्हे.

पोरगी वळली. "अय्या, काका बोलतात! काकू, चपला मागताहेत ते. कुठायत त्यांच्या चपला?"

"मागत नाहीत," ती मशीनवरून म्हणाली. "शब्द विचारताहेत."

"म्हणजे?"

"शब्दाचं मूळ. ते त्यांचं काम आहे. मू म्हटलं की मी बघून सांगते." ती उठलीसुद्धा, सवयीने, आणि कॉम्प्युटरपाशी गेली. "आधी खूण, मग शब्द. तशी खूण करून ठेवलीय ह्यात."

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग पलंगाशी जाऊन वाकली. "काका, पायात चप्पल घालायचीय?"

त्याने डावा हात उचलला. दाराकडे केला. मग तो हात त्याने पोरीच्या हातावर ठेवला आणि धरला.

"कधीपासून म्हणतात असं?" पोरीने वर न बघता विचारलं.

"बरेच आठवडे झाले."

"मी दर वेळी विचारत होते, काकू."

"हो."

"उठायचं काही म्हणतात का म्हणून."

"हो. ते तसं म्हणाले नाहीत." तिने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. "मग मू कशाला म्हणतात?"

"होतं असं. एखादा आवाज रोजच्या वापरातला असतो तो शिल्लक राहतो, आणि प्रत्येक शब्दाला आधी तो लागतो. तो लागल्याशिवाय पुढचं बाहेर येतच नाही. त्याचा अर्थ काही असतोच असं नाही." पोरीचा आवाज खाली गेला. "दार उघडायची किल्ली असते तसं समजा."

कॉम्प्युटर तसाच ठेवून तिने स्टूल घेतलं, कपाटावरून कागदाचं पुडकं काढलं. चपलांवर धूळ नव्हती, कागदावर होती. ती खाली बसली आणि त्याच्या डाव्या पायात चप्पल घातली. ती सहज शिरली. उजवा पाय तिने हातात घेतला. रोज पुसत होती तो पाय, रोज तेल लावत होती. तो खाली वळून तसाच राहिला होता, बोटं आत मुडपलेली. पट्ट्यात ती शिरेनात. तिने पट्टा ताणून बघितला. मग पाय.

"थांबा," पोरगी म्हणाली. तिने तळव्याला हात लावून पाय वर दाबला. तो थोडा आला आणि अडला. पुन्हा दाबला. त्याच्या तोंडून आवाज निघाला, कुठल्याही अक्षराशिवायचा. "टाचेची शीर आखडलीय. टाच टेकणार नाही पुरती."

"सुटेल?"

"थोडी सुटेल. आधी जर..." पोरीने वाक्य सोडलं आणि सॅकचा पट्टा उगीचच सारखा केला. "तुमची चूक नाही काकू."

"चहा घेणार?" तिने विचारलं.

त्या दिवशी त्याला उभं केलं. डाव्या पायात चप्पल, उजवा अनवाणी, दोघींच्या खांद्यांवर. ह्या वेळी त्याने पलंगाची दांडी धरली नाही. तो उभा राहिला तेव्हा त्याची उंची तिला आठवली. मग तो बसला.

पुढचं हळूहळू झालं. पोरगी आठवड्यातून जास्त वेळा यायला लागली. पलंगापासून मशीनपर्यंत. मशीनपासून शेल्फापर्यंत. चार पायांची काठी पुढे टाकायची, डावा पाय, मग उजवा ओढून. दारापर्यंत जमायला लागलं, दाराबाहेर जिन्यालगतच्या चौकात खुर्ची टाकली तर तिथपर्यंत. तिथे पोरीने हात टेकले. "घरातल्या घरात होईल काकू. जिन्याचं मात्र आता धरून चालू नका. तीन मजले त्या टाचेवर नाही उतरता येणार." हे तिने त्याच्यासमोरच सांगितलं, कारण आता त्याच्यामागे बोलायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं.

उजवी चप्पल तिने दुकानात नेली. पट्टा कापला, त्यात जाड कॅनव्हासचा तुकडा जोडून रुंद केला, वर चिकटपट्टी शिवली, टाचेखाली चामड्याचे थर लावले. जाड सुई, मेणाचा दोरा. मालक बघत होता. "आता चपला पण घ्यायला लागलीस की काय?"

"अल्टर आहे," ती म्हणाली.

त्याने चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी केली, टाचेखालचे थर अंगठ्याने दाबून बघितले, आणि परत ठेवली. खिडकीतून पाय जात होते.

घरात नवीन पद्धत पडली. तो मू म्हणाला, पुढचं आलं, की ती विचारायची, "वस्तू की शब्द?" मूठ वळली तर वस्तू. पंजा उघडला तर शब्द. बहुतेक वेळा मूठच असायची. खिडकी, मूठ. उशी, मूठ. पाणी, मूठ, गजर होऊन गेला असला तरी. पण एकदा मू साबण म्हणाला आणि पंजा उघडला. तिने पुन्हा विचारलं, तरी पंजा. तेव्हा तिने पान उघडून सगळं वाचलं आणि तो डोळे मिटून ऐकत होता, पूर्वीसारखा, आणि शेवटी त्याने मान हलवली. म्हणजे तेही होतं. गेल्या काही महिन्यांतल्या किती मुठी आणि किती पंजे, हे आता कळण्याची सोय नव्हती. ती ते मोजत बसली नाही. तसं तिने ठरवलंही नव्हतं. दुपार झाली की ती मशीनवर बसायची आणि हात चालू राहायचे.

कॉमाने फोन करून विचारलं, चपलेचं पान आता छापायला घ्यायचं का. ती म्हणाली, घ्या. काय लिहायचं शेवटी, त्याने विचारलं. होतं तेच लिहा, ती म्हणाली.

ऊन कलल्यावर ते दाराबाहेरच्या चौकात बसायचे. तो खुर्चीत, दोन्ही पायांत चपला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर, मांडीवर कुणाचं तरी काम. वरच्या मजल्यावरचे लोक उतरताना म्हणायचे, "अरे वा, काका बाहेर!" आणि बाजूने खाली जायचे. त्यांच्या पायांचा आवाज वळणावर बदलायचा, मग पुढच्या वळणावर, मग खालचं मोठं दार वाजायचं. तो प्रत्येक आवाज शेवटपर्यंत ऐकायचा.

"मू," तो म्हणाला. तिने सुई थांबवली. "मू... जिना."

"वस्तू की शब्द?"

मूठ.

तिने खाली बघितलं. पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, कठड्याला कुणीतरी नवा रंग दिला होता, वळणावर उजेड होता.

"अहो," ती म्हणाली. "वस्तू की शब्द?"

मूठ तशीच होती. नखं पांढरी झाली होती.

तिने सुई कापडात टोचली. मग मांडीवरचं काम पायरीवर ठेवून उठली आणि आत गेली. दार उघडंच ठेवलं. पट्टीत मू टाइप केलं, मोकळी जागा, जिना. पान उघडलं. बाहेर ऐकू जावं म्हणून तिने जरा मोठ्याने वाचलं.

"जिना. फारसी झीना. वर किंवा खाली जायच्या पायऱ्या."

बाहेरून उजवी चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज आला, एकदा.